‘आणि त्याची बायको’ : आर्नोल्फिनी चित्राच्या गैरवाचनाविरुद्ध एक धागा

१/२६
दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र समाजमाध्यमांवर फिरून येते. गडद झगा आणि भली मोठी काळी टोपी घातलेला, फिकट चेहऱ्याचा एक पुरुष. त्याच्या हातावर हात ठेवून उभी असलेली हिरव्या झग्यातली स्त्री. मागे गोल आरसा, पुढे केसाळ कुत्रा. सोबतचा मजकूर ठरलेला असतो : ‘या चित्रात दडलेली सात रहस्ये!’ आणि खालचे अभिप्रायही ठरलेले : ‘नवरी पोटुशी दिसते’, ‘नवऱ्याला जबरदस्तीने उभा केलाय’, ‘यांच्यात प्रेम कुठे आहे?’

२/२६
थट्टेला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यामागच्या दोन सवयींना. चेहरा पाहिला की त्यावर आजच्या भावनेचे लेबल चिकटवणे, ही पहिली. वस्तू दिसली की तिला गुप्त संकेत ठरवणे, ही दुसरी. या दोन सवयींनी चित्र पाहण्याचे काम संपते आणि कोडे सोडवण्याचा खेळ सुरू होतो. त्या खेळात चित्रातली एक व्यक्ती हरवते. ती कोण, आणि तिचे हरवणे आपल्याला का बोचावे, हे सांगण्यासाठी हा धागा.

३/२६
आधी निर्विवाद गोष्टी. चित्रकार यान व्हान आइक. साल १४३४. ओक लाकडाच्या फळीवर तैलरंग. आकार साधारण ८२ × ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही हातांनी सहज उचलता येईल एवढा. चित्रित स्थळ तेव्हाच्या बर्गंडीच्या ड्यूकच्या मुलखातले, बहुधा ब्रूज नगर, जिथे इटलीतल्या लुक्का शहराचे रेशमी वस्त्रांचे व्यापारी येऊन स्थायिक झाले होते. १८४२ पासून चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आरशाच्या वर, भिंतीवर, वळणदार अक्षरांत चित्रकाराने लॅटिनमध्ये लिहिले आहे की, यान व्हान आइक येथे होता, १४३४.

४/२६
आता चित्र शांतपणे पाहू. त्याची रचनाच विरोधावर उभी आहे. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्री. त्याच्या मागे खिडकी, तिच्या मागे लाल पलंग. त्याचे वस्त्र गडद आणि सरळ खाली उतरणारे. तिचे वस्त्र हिरवेगार, चुण्यांचे, जमिनीवर पसरलेले. त्याच्या डोक्यावर काळी टोपी, तिच्या डोक्यावर शुभ्र ओढणी. तो समोर, पण कुणाकडेच न पाहता उभा आहे. तिची मान किंचित झुकलेली, नजर त्याच्या बाजूला. दोघांच्या बरोबर मध्ये, हातांच्या वरच्या बाजूस, आरसा.

५/२६
या विरोधाचा अर्थ काय, यावर जवळजवळ शंभर वर्षे वाद चालू आहे. परंतु आपल्याकडे फिरणाऱ्या मजकुरात त्या वादाचा मागमूसही नसतो. तिथे वादातली एकच बाजू, तीही बहुतांशी कोसळलेली, ‘सिद्ध झालेले सत्य’ म्हणून वाढली जाते. इतिहासाच्या वाचकाला हे चालवून घेता येणार नाही. एकेक दावा घेऊ.

६/२६
दावा पहिला : ‘ती गरोदर आहे.’
तिने डाव्या हाताने झग्याचा घोळ पोटाशी उचलून धरला आहे. तो झगा जाड लोकरीचा, आतून फरचे अस्तर लावलेला, आणि मापापेक्षा कितीतरी लांब आहे. इतके कापड वापरणे हीच श्रीमंतीची खूण होती, आणि ते उचलल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. पोट पुढे, खांदे मागे हा त्या काळच्या सौंदर्याचा घाट होता.

७/२६
पुरावा याच चित्रकाराकडे आहे. १४३७ च्या, आज ड्रेस्डेन येथे असलेल्या तीन फळ्यांच्या चित्रात त्याने संत कॅथरिन रंगवली. ती कुमारी संत. तिच्या गर्भारपणाची कल्पनाही तेव्हा कुणी केली नसती. तिच्याही पोटाशी वस्त्राचा असाच फुगीर घाट आहे. म्हणजे ज्याला आपण ‘बातमी’ समजतो ती शिंप्याची करामत आणि काळाची आवड आहे. नऊवारीचा काष्टा पाहून परक्याने काही भलताच तर्क लढवावा, त्यातला हा प्रकार.

८/२६
दावा दुसरा : ‘हे गुप्त विवाहाचे प्रमाणपत्र आहे.’
हा दावा सामान्य माणसाचा नाही. एर्विन पॅनॉफ्स्की या थोर कलेतिहासकाराने १९३४ मध्ये, चित्राला बरोबर पाचशे वर्षे होत असताना, तो मांडला. त्याचे म्हणणे असे : पुरुषाचा उंचावलेला उजवा हात शपथेचा, जुळलेले हात विवाहाचे, आरशात दिसणाऱ्या दोन व्यक्ती साक्षीदार, आणि भिंतीवरची सही ही चित्रकाराने दिलेली लेखी साक्ष.

९/२६
पुढे प्रत्येक वस्तूला अर्थ मिळाला. एकच जळणारी मेणबत्ती म्हणजे ईश्वराची नजर. कुत्रा म्हणजे निष्ठा. काढून ठेवलेल्या लाकडी खडावा म्हणजे पवित्र भूमी. खिडकीतली फळे म्हणजे पतनापूर्वीची निरागसता. याला त्याने ‘प्रच्छन्न प्रतीकवाद’ म्हटले. तर्क देखणा होता आणि मांडणारा विद्वान होता. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने नियम बदलण्यापूर्वी वधूवरांच्या परस्पर संमतीने, पुरोहिताविना झालेला विवाहही वैध धरला जाई. त्यामुळे गुप्त विवाहाची कल्पना अशक्यही नव्हती.

१०/२६
अडचण एकच होती. या साऱ्या डोलाऱ्याला एका नेमक्या जोडप्याचे नाव लागत होते : जोव्हान्नी दि आर्रिगो आर्नोल्फिनी आणि त्याची पत्नी जोव्हान्ना चेनामी. हे नाव आले कुठून? १५१६ मध्ये नेदरलँड्सची कारभारीण ऑस्ट्रियाची मार्गारेट हिच्या संग्रहाची एक यादी झाली. तीत खोलीत पत्नीसह असलेल्या ‘एर्नूल ल फिन’ नावाच्या माणसाचे चित्र नोंदले आहे. १८५७ मध्ये क्रो आणि काव्हालकासेल्ले या अभ्यासकांनी त्या नोंदीची आणि लंडनच्या चित्राची सांगड घातली. ‘एर्नूल ल फिन’ म्हणजे आर्नोल्फिनीचा अपभ्रंश, असा तो तर्क.

११/२६
कुळाचे नाव बहुधा बरोबर ठरले. पण त्या कुळातली कोणती व्यक्ती, हे गृहीत धरले गेले. आणि मग एक कागद सापडला. फ्रेंच इतिहासकार झाक पाव्हिओ यांच्या शोधावरून, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, जोव्हान्नी दि आर्रिगो आणि जोव्हान्ना चेनामी यांचा विवाह १४४७ साली झाला. चित्र १४३४ चे. चित्रकार १४४१ मध्ये निवर्तलेला. तेरा वर्षांनी होणाऱ्या लग्नाचे प्रमाणपत्र, तेही त्या लग्नाआधी सहा वर्षे मेलेल्या साक्षीदाराच्या सहीचे!

१२/२६
महाराष्ट्रातल्या इतिहासप्रेमीला या प्रसंगाची गंमत सर्वांत आधी कळावी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना हाच धडा दिला : बखर कितीही रसाळ असो, अस्सल समकालीन पत्रापुढे तिला मान खाली घालावी लागते. पॅनॉफ्स्कीचा निबंध ही विद्वत्तेने नटलेली बखर होती. एका तारखेने तिचा पाया काढून घेतला. तरीही आपले तरुण, जे बखरीतल्या एका वाक्यासाठी रात्रभर पुरावे मागतात, ते या चित्राखालचा मजकूर डोळे मिटून पुढे ढकलतात.

१३/२६
नावाच्या बाबतीत तर आपले हात पोळलेले आहेत. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचे समकालीन चित्र उजेडात आणले, तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. चित्राखाली कुणी काय नाव लिहिले यावर विश्वास ठेवण्याची किंमत किती असते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असावे?

१४/२६
मग चित्रातला पुरुष कोण? नॅशनल गॅलरीचे लॉर्न कॅम्पबेल यांनी १९९८ मध्ये त्याच कुळातल्या दुसऱ्या जोव्हान्नीचे, जोव्हान्नी दि निकोलाओचे, नाव पुढे केले. हा पहिल्याचा चुलतभाऊ, ब्रूजमध्येच राहणारा. त्याची पत्नी कोस्तान्झा त्रेन्ता. पण तिच्या आईच्या पत्रावरून दिसते की फेब्रुवारी १४३३ पर्यंत कोस्तान्झा मरण पावली होती. तेव्हा चित्रातली स्त्री ही त्याची दुसरी पत्नी असावी, जिची कागदोपत्री कुठेच नोंद नाही, असे कॅम्पबेल सुचवतात.

१५/२६
२००३ मध्ये मार्गारेट कोस्टर यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते चित्रातली स्त्री कोस्तान्झाच आहे, आणि चित्र तिच्या मृत्यूनंतरचे आहे. त्यांचा आधार विरोधावरच उभा आहे. झुंबरात पेटलेली मेणबत्ती पुरुषाच्या बाजूला आहे. स्त्रीच्या बाजूला जळून संपलेल्या मेणाचे ओघळ. आरशाच्या चौकटीवर ख्रिस्ताच्या यातनांची दहा लघुचित्रे आहेत. जिवंत ख्रिस्ताची पुरुषाच्या बाजूला, मृत्यूची आणि त्यानंतरची स्त्रीच्या बाजूला.

१६/२६
ही मांडणी हृदयाला भिडते. म्हणूनच तिच्याशी सावध राहिले पाहिजे. मेण आणि लघुचित्रे यांचा उलगडा आकर्षक आहे, परंतु ‘ही कोस्तान्झा’ असे सांगणारा एकही समकालीन कागद पुढे आलेला नाही. पॅनॉफ्स्कीच्या बखरीतून सुटून कोस्टरच्या बखरीत अडकण्यात शहाणपण नाही. शक्यता म्हणून जपावी, सिद्धान्त म्हणून मिरवू नये. ‘हे खरे तर मृत पत्नीचे चित्र आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितले नसेल’ अशी आरोळी ठोकणारे नवे मजकूर जुन्यांइतकेच बेजबाबदार आहेत.

१७/२६
वस्तूंविषयीही थोडे. अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत रंगांखालचे मूळ रेखाटन दिसते. पुरुषाचा चेहरा, हात आणि पाय यांत चित्रकाराने काम करता करता फेरफार केले. कुत्रा आणि झुंबर यांचे तर खाली रेखाटनच नाही. ते मागाहून, थेट रंगात आले. यावरून ते निरर्थक ठरत नाहीत. पण जे कलम मूळ मसुद्यात नव्हते त्याला कराराचा कणा म्हणणे अवघड आहे. पलंगाचेही तेच : श्रीमंतांच्या घरी तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत भारी पलंग मांडणे ही प्रतिष्ठेची बाब होती. आणि तिची झाकलेली केशरचना विवाहित स्त्रीची आहे.

१८/२६
आता मुख्य मुद्दा : भावना. ‘त्याचा चेहरा किती थंड! याचे तिच्यावर प्रेम नाही.’
बर्लिनच्या संग्रहालयात व्हान आइकचेच एक व्यक्तिचित्र आहे, काही वर्षांनंतरचे. डोक्याला लाल वस्त्र गुंडाळलेला एकटा पुरुष. हाच तो आर्नोल्फिनी, असे अभ्यासक मानतात. तिथे शेजारी पत्नी नाही, लग्न नाही, शपथ नाही. आणि चेहरा? तसाच. तीच जड पापण्यांची, मोजून मापून राखलेली स्तब्धता. मग ही थंडी बायकोविषयीची कशी म्हणायची?

१९/२६
चित्रकाराने १४३९ मध्ये आपल्या स्वतःच्या पत्नीचे, मार्गारेटाचे, चित्र काढले. ते ब्रूजमध्ये आहे. चौकटीवरचा लेख तिच्याच तोंडी आहे : माझ्या पतीने मला पूर्ण केले, वय तेहतीस. तीही हसत नाही. ओठ मिटलेले, नजर थेट पाहणाऱ्यावर. पंधराव्या शतकातल्या व्यक्तिचित्रात चेहरा हा स्थैर्याचा, शीलाचा आणि दर्जाचा दाखला होता. क्षणिक हसू त्यावर उमटवणे म्हणजे माणसाला क्षणात कोंडणे. तेव्हा भावना शोधायची तर चेहऱ्याखेरीज अन्यत्र शोधली पाहिजे.

२०/२६
ती हातांत आहे. नीट पाहा. त्याचा डावा हात उताणा आहे, आधार देणारा. त्यावर तिचा उजवा हात, तोही उताणा, उघडा. कुणी कुणाला पकडलेले नाही. बोटे आवळलेली नाहीत. एक जण हात पुढे करतो, दुसरी त्यावर हात विसावू देते. मागे ओढला तर सहज सुटेल इतकी ती भेट हलकी आहे. त्याचा दुसरा हात ताठ, औपचारिक, बाहेरच्या जगासाठी. एकाच माणसाचे दोन हात दोन भाषा बोलतात. ‘प्रेम कुठे आहे’ असे विचारणाऱ्याने या दोन हातांमधले अंतर आधी वाचावे.

२१/२६
प्रकाशही तेच करतो. खिडकी डावीकडे आहे. पुरुषाचा चेहरा खिडकीपासून वळलेला असल्याने त्याच्या एका बाजूला सावली धरते. स्त्री उजेडाकडे तोंड करून उभी आहे, म्हणून तिचा चेहरा सारखा उजळतो. गडद वस्त्रापुढे तिची शुभ्र ओढणी अधिक शुभ्र वाटते. तिच्या हिरव्या रंगापुढे त्याचा काळोख अधिक खोल होतो. एकाला झाकले तर दुसरा निम्मा होतो. करून पाहा : पडद्यावर तळहाताने एक बाजू झाका. या चित्रातला विरोध भांडणाचा नसून परस्परावलंबनाचा आहे, हे त्या एका कृतीने कळेल.

२२/२६
यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि यावा. ‘हे सारे गोड झाले. पण तो बाहेर पाहतो आणि ती त्याच्याकडे पाहते. तो खिडकीशी आणि ती पलंगाशी. ही सत्तेची उतरंड नव्हे काय?’ आहे. ती नाकारणे म्हणजे इतिहासाला साखर लावणे. त्या समाजात पत्नी पतीच्या अधिकाराखाली होती आणि तिची झुकलेली मान त्याची साक्ष देते. माझे म्हणणे एवढेच की उतरंड आणि माया एकाच घरात, एकाच हातात नांदू शकतात. दोहोंपैकी एक दिसले की दुसरे नसणारच, हा हट्ट आपला आहे. त्या शतकाचा नाही.

२३/२६
‘मग आनंदी जोडपे कसे दिसते?’ असे कुणी विचारले की फ्रान्स हाल्सचे साधारण १६२२ चे चित्र पुढे केले जाते. ते अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. व्यापारी इसाक मासा आणि बेआट्रिक्स व्हान डेर लान हे ते जोडपे, असे मानले जाते. झाडाखाली रेलून बसलेली दोघे खुशाल हसत आहेत, तिचा हात त्याच्या खांद्यावर. चित्र अप्रतिम आहे. पण शेजारी निष्ठेची काटेरी वनस्पती आणि वेलही जाणीवपूर्वक रंगवलेली आहे. म्हणजे ते हसूही योजलेलेच. दोन शतकांत बदलली ती चित्रात कसे दिसावे याची रीत. हसण्यावरून प्रेम मोजायचे तर हाल्सपूर्वीच्या साऱ्या युरोपला प्रेमशून्य म्हणावे लागेल.

२४/२६
आणि आपल्या घरांनाही. माझ्या आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला एकच फोटो आमच्या घरी आहे. आजोबा खुर्चीवर ताठ, आजी मागे उभी, पदर दोन्ही खांद्यांवरून, दोघेही करारी. आम्ही भावंडांनी त्याला ‘शिक्षा झालेले जोडपे’ असे नाव ठेवले होते. बरीच वर्षे मी तो तसाच पाहिला. मग एकदा लक्षात आले की खुर्चीच्या पाठीवर आजीचा हात आहे, आणि तिची दोन बोटे पाठ सोडून आजोबांच्या कोटाला टेकली आहेत. फोटोच्या मागे शाईने लिहिले होते : आजोबांचे पूर्ण नाव, आणि पुढे फक्त ‘व सौ.’

२५/२६
आता १५१६ ची ती यादी पुन्हा आठवा. त्यात पुरुषाचे नाव आहे, वेडेवाकडे का होईना. स्त्रीचे? ‘त्याची पत्नी’. त्या यादीचा कारकून आणि आमच्या घरचा फोटोमागे लिहिणारा हात, दोघांची लेखणी एकाच जागी थांबते. चित्रकाराने मात्र तसे केले नव्हते. त्याने तिला अर्धे चित्र दिले, सगळा उजेड दिला, ओढणीच्या कडेची एकेक चुणी मन लावून रंगवली. रंगाने जे दिले ते शाईने गमावले. आणि आपण? पोट, कुत्रा, मेणबत्ती, खडावा यांची रहस्ये मोजताना तिच्या चेहऱ्याकडे पाहायलाच विसरतो. कारकुनाने तिला एकदा पुसले. ‘सात रहस्ये’वाले रोज पुसतात.

२६/२६
आपल्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे जुने नावही मागे टाकत, आणि वंशावळीत नव्याला जागा नसे. ब्रूजच्या त्या स्त्रीचे नाव शोधणे आपल्या हाती नाही. पण घरातले जुने फोटो आहेत. पुढच्या वेळी हे चित्र कुणी रहस्यांच्या यादीसह पाठवले, तर पुढे ढकलण्याआधी दोन हात पाहा. मग कपाटातला अल्बम काढा, अजून सांगू शकणारे कुणी घरात असेल तर त्यांच्याजवळ बसा, आणि प्रत्येक ‘व सौ.’ पुढे तिचे नाव लिहा, माहेरचेही, सासरचेही. मी आजीचे लिहिले आहे. बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.